बेशरम

पावसाळा संपत आला होता. आमच्या शाळेतील नववीच्या मुलामुलींना घेऊन मी अर्धापूरजवळच्या कालव्यावर गेलो होतो. अर्धापूरचा परिसर केळीच्या बागांसाठी प्रसिद्ध आहे. पैनगंगा नदीवर इसापूर येथे मोठे धरण आहे. त्या धरणाचे पाणी कालव्याने आपल्या भागात येते आणि केळी, ऊस, हळद अशी पिके उभी राहतात. हे पाणी शेतापर्यंत कसे पोहोचते, ते मुलांना दाखवावे, असा माझा विचार होता.

पण मुलांचे लक्ष पाण्याकडे गेलेच नाही. ते गेले काठावरच्या फुलांकडे. कालव्यातून झिरपलेले पाणी एका सखल जागी साचले होते. त्या पाण्याच्या कडेने माणसाच्या उंचीची झुडपे दाटीने उभी होती. हिरवीगार पाने आणि त्यांवर फिकट गुलाबी, थोडी जांभळट अशी कर्ण्याच्या आकाराची मोठी फुले. दुरून पाहणाऱ्याला वाटावे, येथे कोणी मुद्दाम बाग लावली आहे.

एका मुलीने विचारले, "सर, किती छान फुलं आहेत ही! यांचं नाव काय?"

मी उत्तर देण्याआधीच मागून एक मुलगा ओरडला, "बेशरम!"

तिला वाटले, तो आपल्यालाच बोलला. ती रागाने वळली. सगळी मुले हसू लागली. शेवटी मलाच मध्ये पडावे लागले. मी म्हणालो, "अगं, तो तुला काही म्हणाला नाही. या झाडाचं नावच बेशरम आहे."

ती म्हणाली, "एवढ्या सुंदर फुलाला असलं नाव कोणी ठेवलं?"

प्रश्न चांगला होता. त्याचे उत्तर शोधता शोधता आमचा तो सगळा दिवस गेला. तेच उत्तर आज तुम्हांला सांगतो.

आधी नावाचाच विचार करू. तुम्ही उर्दू माध्यमात शिकता, तेव्हा हा शब्द तुम्हांला नवा नाही. 'बे' म्हणजे नसलेला. ज्याला शरम नाही तो बेशरम. हा शब्द फारसीतून आला आणि उर्दूप्रमाणेच मराठीनेही तो आपलासा केला. असे कितीतरी शब्द मराठीत रोज वापरले जातात. बेकार, बेइमान, बेफिकीर हे शब्द तुम्ही उर्दूतही वाचले असतील. मराठीने तर 'बे' हा फारसी तुकडा घेऊन तो 'सावध' या संस्कृतातून आलेल्या शब्दाला जोडला आणि 'बेसावध' हा नवा शब्द तयार केला. हा शब्द लक्षात ठेवा. पाठाच्या शेवटी तो आपल्याला पुन्हा लागणार आहे.

उत्तर भारतात याच झाडाला 'बेहया' म्हणतात. हया म्हणजे लाज, हे तुम्हांला सांगायला नको. म्हणजे वेगवेगळ्या प्रांतांतील लोकांनी या झाडाकडे पाहिले आणि सर्वांना एकच गोष्ट जाणवली. याला कापा, तोडा, उपटून फेका, बुडवा, वाळवा. हे पुन्हा डोके वर काढतेच. म्हणून ते बेशरम, म्हणूनच ते बेहया.

शास्त्रज्ञांनी त्याला दिलेले नाव आहे 'आयपोमिया कार्निया'. जॅकविन नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1760 साली हे नाव दिले. कार्निया म्हणजे मांसाच्या रंगाचे, अर्थात फिकट गुलाबी. आपल्याकडे जे झुडूप आढळते, त्याच्या उपजातीचे नाव 'फिस्टुलोसा' आहे. फिस्टुलोसा म्हणजे नळीसारखे पोकळ. याचे खोड मोडून पाहिले तर आतून ते पोकळ दिसते आणि त्यातून दुधासारखा पांढरा चीक येतो. पाने हृदयाच्या आकाराची आणि तळहाताहून मोठी असतात. फुलाच्या पाच पाकळ्या एकमेकींना जोडून त्यांचा कर्णा झालेला असतो. कर्ण्याच्या तळाशी रंग अधिक गडद असतो. सकाळी भुंगे आणि मधमाश्या या फुलांवर येतात. फूल गळाले की छोटे बोंड धरते आणि त्यात बहुधा चार बिया असतात. बियांवर रेशमासारखे तपकिरी केस असतात. त्यामुळे वाऱ्याबरोबर आणि पाण्यावर तरंगत त्या दूर जाऊ शकतात.

हे झाड मूळचे आपले नाही. त्याचे माहेर दक्षिण अमेरिकेत आहे. सुंदर फुलांसाठी माणसाने त्याला जगभर नेले. आपल्या देशातही ते शोभेचे झाड म्हणून आणि शेताच्या कुंपणासाठी लावले गेले. त्यात सोय होती. फांदी तोडायची आणि जमिनीत खोचायची, एवढेच काम. पाणी घालायला नको, राखण करायला नको. जनावरे सहसा तोंड लावत नाहीत. गरीब शेतकऱ्याला फुकटात कुंपण मिळाले, वाळलेल्या काड्या चुलीला मिळाल्या. तेव्हा ज्यांनी हे झाड लावले, त्यांना दोष देता येणार नाही. त्यांनी आपली गरज पाहिली. हे झाड कुंपणात थांबणार नाही, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्या. परदेशातून आलेली प्रत्येक वनस्पती वाईट असते, असे मुळीच नाही. मिरची, बटाटा, टोमॅटो, पेरू आणि सीताफळ अमेरिका खंडातून आले. दसऱ्याला दारावर तोरण बांधतो, तो झेंडूही तिकडचाच. गुलमोहर मादागास्कर बेटावरचा आहे. फार काय, ज्या केळीमुळे अर्धापूरचे नाव झाले, तिचे मूळ घरही आग्नेय आशियात आहे. रताळे, ज्याला तुम्ही घरी शकरकंद म्हणता, ते तर बेशरमचे जवळचे नातेवाईक आहे आणि तेही अमेरिकेतूनच आले. या सर्वांनी आपले अन्न वाढवले, आपले अंगण सजवले. म्हणून एखादी वनस्पती कोठून आली, एवढेच विचारून भागत नाही. येथे आल्यावर ती इतरांना जगू देते की नाही, हे पाहावे लागते.

बेशरम इतरांना जगू देत नाही. ते कसे, हे समजण्यासाठी आम्ही वर्गात एक साधा प्रयोग केला. कालव्यावरून वीतभर लांबीच्या तीन काड्या आणल्या. एक काडी ओल्या मातीत उभी खोचली. दुसरी मातीवर नुसती आडवी टाकली. तिसरी पाण्याने भरलेल्या बाटलीत ठेवली. काही दिवसांनी तिन्ही काड्यांच्या पेरांतून मुळे फुटली आणि कोंब वर आले. जी काडी आम्ही मातीवर फेकून दिल्यासारखी टाकली होती, तीही जगली! मग आम्ही त्या तिन्ही काड्या शाळेच्या गच्चीवर उन्हात टाकल्या आणि कडकन मोडेपर्यंत वाळू दिल्या. बाहेर फेकल्या असत्या, तर शाळेमागच्या नाल्यात आणखी तीन झाडे झाली असती.

आता कालव्याचा विचार करा. कोणीतरी काठ साफ करताना कोयत्याने बेशरम तोडतो आणि फांद्या पाण्यात ढकलून देतो. त्याला वाटते, काम झाले. पण त्या फांद्या पाण्याबरोबर वाहत जातात, जेथे अडकतात तेथे मूळ धरतात. एका झाडाची वीस झाडे होतात. तोडलेला बुंधाही पुन्हा फुटतो. बेशरमला पुरात उभे राहता येते आणि उन्हाळ्यात पाणी आटल्यावरही ते तग धरते. शिवाय मूळ देशात त्याला खाणारे जे किडे आणि जे रोग होते, ते बहुतेक मागेच राहिले. त्यामुळे त्याला अडवणारे येथे फारसे कोणी नाही.

जनावरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत, असे मी वर लिहिले. 'सहसा' हा शब्द मी मुद्दाम वापरला. त्यामागे एक आठवण आहे.

2016 सालचा उन्हाळा. मराठवाड्यात दुष्काळ होता. लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते हेच वर्ष. मी नुकताच बी.एड. होऊन नोकरीला लागलो होतो. आमच्या मोहल्ल्यात एक वयस्कर बाई राहत. आम्ही सगळे त्यांना खाला म्हणत असू. त्यांच्याजवळ तीन शेळ्या होत्या. शेळ्यांचे दूध आणि बकरी ईदच्या आधी एखादा बोकड विकून येणारे पैसे, यावर त्यांचे घर चाले. नातीच्या शाळेचा खर्चही त्यातूनच होई.

त्या वर्षी शिवारात गवताची काडी उरली नव्हती. हिरवे असे एकच झाड दिसत होते. ते म्हणजे नाल्यातले बेशरम. भुकेल्या शेळ्यांनी त्याला तोंड लावले. पहिले काही दिवस काहीच झाले नाही. खालांना बरेच वाटले, शेळ्यांची सोय झाली! मग शेळ्यांना त्याची चटकच लागली. घरी टाकलेला पाला सोडून त्या नाल्याकडे धाव घेऊ लागल्या. काही आठवड्यांनी त्या रोडावल्या. मान थरथरू लागली. चालताना मागचे पाय लटपटू लागले. एक शेळी तर भिंतीकडे तोंड करून नुसती उभी राही.

खालांबरोबर मी जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी शेळीला चालवून पाहिले आणि विचारले, "मावशी, ही खाते काय?"

खाला म्हणाल्या, "काय खाणार डॉक्टर? नाल्यातलं बेशरम. दुसरं आहे काय?"

डॉक्टर थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "यावर औषध नाही. आजपासून ते झाड बंद करा. घरी बांधून ठेवा, मिळेल तो चारा घाला. लवकर थांबवलं तर सुधारतील."

दोन शेळ्या हळूहळू सुधारल्या. जी भिंतीकडे तोंड करून उभी राही, ती मेली. खालांनी तिला तीन वर्षे वाढवले होते. त्या मला म्हणाल्या, "बेटा, विषारी आहे हे कोणी आधी सांगितलं असतं, तर मी तिला उपाशी ठेवलं असतं, पण तिकडं सोडलं नसतं." त्यांचे हे वाक्य मी विसरलो नाही. हा पाठ लिहिण्याचे खरे कारण तेच आहे.

बेशरममध्ये 'स्वेनसोनाईन' नावाचे विष असते. हे विष झाडाच्या आत राहणारी एक सूक्ष्म बुरशी तयार करते, असे शास्त्रज्ञांना आढळले आहे. ते शरीरात काय करते? प्राण्याचे शरीर असंख्य पेशींचे बनलेले असते. पेशीमध्ये वापरून झालेल्या काही पदार्थांचे तुकडे करून त्यांची विल्हेवाट लावण्याचे काम सतत चालू असते. हे विष नेमके तेच काम बंद पाडते. गल्लीतला कचरा उचलणे बंद झाले तर काय होईल? पहिल्या दिवशी काही वाटणार नाही, पण महिन्याभराने गल्लीतून चालता येणार नाही. पेशींचेही तसेच होते. मेंदूच्या पेशींत कचरा साचतो आणि जनावराचा तोल जातो. म्हणूनच या झाडाचा एखादा घास खाऊन जनावर लगेच मरत नाही आणि म्हणूनच माणूस फसतो. ब्राझीलच्या ईशान्य भागातही आपल्यासारखाच दुष्काळ पडतो. तेथील शेळ्यांनाही कोरड्या दिवसांत याच झाडाने असाच आजार होतो. एकीला खाताना पाहून दुसरी खाते, असेही तेथे दिसून आले आहे.

शेळ्यांप्रमाणेच पाणथळ जागांचेही या झाडामुळे नुकसान होते. जेथे जमीन आणि पाणी एकमेकांना भेटतात, वर्षातील काही काळ तरी जमीन पाण्याने भिजलेली असते, त्या जागेला पाणथळ जागा म्हणतात. तलावाची कड, नदीचे उथळ पात्र, समुद्राजवळची खाडी या सर्व पाणथळ जागा होत. अनेकांना ती चिखलाची निरुपयोगी जागा वाटते. पण पुराचे पाणी तेथे थोपते, जमिनीत मुरते आणि आसपासच्या विहिरींना उपयोगी पडते. तेथे लव्हाळे आणि पाणकणीस वाढते. मासे उथळ पाण्यात अंडी घालतात. शेकाट्या हा लाल लांब पायांचा पक्षी उघड्या चिखलात किडे शोधतो. हिवाळ्यात मध्य आशियातून चक्रवाक बदके येतात, त्यांनाही उघडा काठ लागतो. बेशरमने काठ भरून टाकला की उघडा चिखल उरत नाही, लव्हाळ्याला ऊन मिळत नाही, जाळे टाकायला जागा राहत नाही. वाहत्या पाण्याला अडथळा होतो, गाळ साचतो. कालव्याच्या शेवटच्या टोकाला असलेल्या शेतकऱ्याला पाणी कमी पडते, त्याचे हेही एक कारण असू शकते.

हा प्रश्न फक्त आपल्या गावाचा नाही. इजिप्तमध्ये नाईल नदीच्या कालव्यांच्या काठी हेच झाड पसरले आहे. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात परवानगीशिवाय ते बाळगण्यास बंदी आहे. पाणथळ जागा वाचवण्यासाठी 2 फेब्रुवारी 1971 रोजी इराणमधील रामसर या गावी अनेक देशांनी करार केला. म्हणून 2 फेब्रुवारी हा जागतिक पाणथळ दिन म्हणून पाळतात. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वरला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला आहे. महाराष्ट्रातील ते पहिले रामसर स्थळ. ते गोदावरीवर आहे. तीच गोदावरी पुढे पैठणच्या नाथसागरातून नांदेडला येते. वर फेकलेली फांदी खाली कोठे रुजेल, हे सांगता येत नाही. नदीकाठची सारी गावे अशी एकमेकांना बांधलेली असतात.

आता एक गंमत सांगतो. कोकणात समुद्रकिनाऱ्याच्या वाळूवर एक वेल पसरलेली असते. तिची फुले बेशरमच्या फुलांसारखीच असतात, गुलाबी-जांभळी आणि कर्ण्याच्या आकाराची. ती बेशरमची सख्खी नातेवाईक आहे. शास्त्रीय नावातही तिचे कुळ 'आयपोमिया' हेच आहे. ती भरतीच्या रेषेपुढे वाळूला धरून ठेवते आणि किनारा वाहून जाऊ देत नाही. तिला मराठीत म्हणतात मर्यादवेल! एकाच कुळातील दोन वनस्पती. एक मर्यादा, दुसरी बेशरम. फुले तीच, घराणे तेच. फरक इतकाच, की मर्यादवेल आपल्या जागी आहे आणि बेशरमला आपण तिच्या जागेवरून उचलून आणले.

कालव्यावरून परत येताना त्या मुलीने मला आणखी एक प्रश्न विचारला. "सर, झाड तर स्वतः चालत आलं नाही. आपणच आणलं, आपणच लावलं, आपणच तोडून पाण्यात टाकलं. मग बेशरम कोण?"

मुले या वेळी हसली नाहीत. मी म्हणालो, "झाडाला शरमही नसते आणि बेशरमीही नसते. ते फक्त जगायचा प्रयत्न करते. आपण मात्र बेसावध राहिलो."

सावध राहणे कठीण नाही. बेशरमची फांदी कुंपणासाठी किंवा शोभेसाठी कोठेही लावू नका. काठ साफ करायचा असेल तर नुसते तोडू नका. मोठ्या माणसांच्या मदतीने, बिया धरण्यापूर्वी मुळासकट उपटा. उपटलेले झाड पाण्यापासून दूर, कोरड्या जागी पूर्ण वाळू द्या. फांद्या नाल्यात टाकू नका. चीक लागला तर हात धुवा. आणि ज्यांच्या घरी शेळ्या आहेत, त्यांना आज संध्याकाळीच सांगा, की चारा कितीही कमी असला तरी शेळीला बेशरमजवळ सोडू नका. हे मराठीत सांगा, उर्दूत सांगा, पण सांगा.

खालांच्या दारात आज पुन्हा शेळ्या आहेत. त्यांची नात आता मोठी झाली आहे. शेळ्या चरायला निघाल्या की ती नाल्याच्या बाजूने चालते.

स्वाध्याय

1. या झाडाला 'बेशरम' हे नाव का पडले असावे?
2. परदेशातून आलेली प्रत्येक वनस्पती वाईट नसते, हे पाठातील चार उदाहरणे देऊन लिहा.
3. खालांच्या शेळ्यांना झालेल्या आजाराची लक्षणे क्रमाने लिहा.
4. "आपण मात्र बेसावध राहिलो," असे शिक्षक का म्हणाले?
5. 'बे' ने सुरू होणारे, मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत वापरले जाणारे आठ शब्द लिहा व त्यांपैकी चार शब्दांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.
6. आपल्या घरातील किंवा शेजारच्या वडीलधाऱ्या माणसांना विचारा : तुमच्या गावात बेशरम प्रथम कोठे दिसले? ते कोणी व कशासाठी लावले होते? मिळालेली माहिती दहा ओळींत लिहा.